गोखरू, मेथी, अश्वगंधाचा डबा फोडण्याआधी: हार्मोनचं रूपांतर पायरीपायरीनं कसं तपासायचं

तालुक्याच्या गावात माझं औषधाचं दुकान आहे. पोलीस भरतीची तयारी करणारी, जिमला जाणारी पोरं संध्याकाळी येतात. मागच्या दिवाळीनंतर एकानं काउंटरवर तीन डबे आणि एक रिपोर्ट ठेवला. "काका, टेस्टो वाढला का, पाहा ना." टेस्टो म्हणजे टेस्टोस्टेरॉन, पुरुषाचं मुख्य हार्मोन.

रिपोर्टवर आकडा होता. डबे सुरू करण्याआधीचा आकडा मात्र कुठंच नव्हता. रक्त दिलं होतं दुपारी साडेतीनला, जेवण करून. तिसऱ्या डब्यात केसांसाठीचं बायोटिन होतं आणि त्या बायोटिननं रिपोर्टच चुकू शकतो. तिन्ही डबे एकाच दिवशी सुरू केलेले. त्या कागदावरून मी त्याला काहीही सांगू शकलो नाही. पोराचे घामाचे पैसे गेले, याचं मला फार वाईट वाटलं.

ही चूक नेहमीची आहे. आधी डबा, मग त्रास, मग तपासणी, आणि मागचं लेबल सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा करायचा आहे. पुढचं सगळं अठरा वर्षांवरच्या पुरुषांसाठी आहे. त्याहून लहान मुलांनी हार्मोनला हात लावणारं काहीच घेऊ नये. हाडांची वाढ कधी थांबायची हे हार्मोनच ठरवतात, आणि तिथं ढवळाढवळ झाली तर ती मागे घेता येत नाही.

आधी एवढं समजून घ्या: रूपांतर म्हणजे काय

पुरुषाच्या शरीरात दिवसाला साधारण ५ ते ७ मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन तयार होतं. त्यातलं सगळं टेस्टोस्टेरॉन म्हणूनच राहत नाही. काही भाग दोन वाटांनी बदलतो.

पहिली वाट ५-अल्फा रिडक्टेज या एन्झाइमची. एन्झाइम म्हणजे शरीरात एका द्रव्याचं दुसरं करणारं प्रथिन. त्यातून डीएचटी, म्हणजे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन हे टेस्टोस्टेरॉनचं जास्त जोरकस रूप बनतं. दाढी, प्रोस्टेट, त्वचेचा तेलकटपणा आणि घराण्यात टक्कल असेल तर डोक्यावरचे केस, हे डीएचटीचं क्षेत्र.

दुसरी वाट अरोमाटेज या एन्झाइमची. त्यातून इस्ट्राडिओल, म्हणजे इस्ट्रोजेन बनतं. हे मुख्यतः चरबीत होतं, म्हणून पोट सुटलेल्या माणसात ते जास्त होतं. जिममध्ये इस्ट्रोजेन शत्रू समजतात. पण पुरुषाची हाडं टिकवायला आणि कामेच्छेलाही ते लागतं. ते शून्यावर आणायचं नसतं.

तिसरी वाट लोक विसरतात. ती टेस्टोस्टेरॉनची नाही, कॉर्टिसोल या ताणाच्या हार्मोनची. मूत्रपिंडात एक एन्झाइम कॉर्टिसोलला निष्क्रिय कॉर्टिसोनमध्ये बदलतं. हे काम अडलं की रक्तदाब चढतो. ज्येष्ठमधाच्या वेळी हे लागेल.

डीएचटीबद्दलचा एक गैरसमज इथंच काढून टाका. स्नायू वाढायला डीएचटी लागतं असं नाही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन देऊन, औषधानं डीएचटीची वाट बंद करून पुरुषांवर चाचणी झाली आहे. स्नायू तेवढेच वाढले.

पायरी १: सगळे डबे एका जागी मांडा आणि वही करा

घरात असलेलं सगळं बाहेर काढा. प्रोटीन, फॅट बर्नर, केसांच्या गोळ्या, वैद्यांचं चूर्ण, आजीनं दिलेला मुसळीचा पाक, जिममधल्या दादानं पुडीत दिलेल्या गोळ्या. सगळं एका चादरीवर मांडा आणि मोबाइलनं प्रत्येकाच्या चारही बाजूंचे फोटो घ्या.

मग साधी शाळेची वही घ्या. प्रत्येक डब्याला एक पान. नाव, बॅच नंबर, कधी सुरू केलं, रोज किती. शेवटच्या पानावर झोपेचे तास, वजन, सकाळचा रक्तदाब.

झोपेचे तास गंमत म्हणून लिहायला सांगत नाही. रब्बीत हरभऱ्याला रात्री पाणी द्यायला लाइट येते, पोरगा दोनला उठून ओलिताला जातो, पाचला रनिंगला. तरुण पुरुषांना आठवडाभर रोज ५ तासांवर ठेवलं तेव्हा दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी खाली आलं. अश्वगंधानं काही लहान चाचण्यांत दाखवलेली वाढही साधारण एवढीच आहे. म्हणजे रात्रीचं ओलित सुरू असताना डब्याचा फरक मोजायला गेलात तर मोजाल झोपच.

तपासा: सलग दोन आठवडे झोप सात तासांच्या आसपास आहे का? नसेल तर पुढं जाऊ नका. ओलिताच्या पाळ्या संपू द्या.

पायरी २: डब्याची मागची बाजू वाचा

पुढच्या बाजूला सिंह, बैल आणि दंड असतात. कामाचं सगळं मागं, बारीक अक्षरात. मी भिंग वापरतो. तुम्ही फोटो मोठा करून वाचा.

हेल्थ सप्लिमेंट म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यावर एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेचा) १४ आकडी परवाना क्रमांक हवा, आणि हे औषध म्हणून वापरायचं नाही असा इशाराही हवा. तो क्रमांक फूड सेफ्टी कनेक्ट ॲपमध्ये टाका. निघालेलं कंपनीचं नाव आणि डब्यावरचं नाव जुळतं का, बघा. आयुर्वेदिक औषध असेल तर एफएसएसएआयचा नव्हे, आयुर्वेदिक उत्पादनाचा परवाना क्रमांक असतो. दोन्ही नसेल तर तो डबा चादरीवरून बाजूला काढा. त्याचं पुढं काहीच करायचं नाही.

मग घटक. तीन गोष्टी शोधा.

वनस्पतीचा कोणता भाग आहे? अश्वगंधा असेल तर मूळ की पान, हे लिहिलेलं हवं. पानात विथाफेरिन ए हे तीव्र द्रव्य जास्त असतं आणि परंपरेनं पोटात घेतलं जातं ते मूळ.

चूर्ण आहे की अर्क? ५०० मिलिग्रॅम चूर्ण आणि १०:१ चा ५०० मिलिग्रॅम अर्क यांत दहा पट फरक आहे. घरचं चूर्ण चमच्यानं घ्यायची सवय असलेला माणूस अर्कही चमच्यानंच घेतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

प्रत्येक घटकाचं वेगळं वजन दिलंय का? "प्रोप्रायटरी ब्लेंड १२०० मिलिग्रॅम" असं लिहून खाली आठ नावं असतील, तर कोणतं किती हे तुम्हालाही कळणार नाही आणि डॉक्टरलाही. असा डबा घेऊ नका.

सावधान: लेबल नसलेली पुडी, किंवा "हर्बल आहे पण दोन आठवड्यात पाच किलो" असं सांगून दिलेली गोळी. वनस्पतीनं असं होत नाही. त्यात मिथँडिएनोन किंवा स्टॅनोझोलोलसारखं स्टेरॉइड असण्याची शक्यता धरूनच चाला.

पायरी ३: प्रत्येक घटकापुढं त्याची वाट लिहा

ही पायरी सगळ्यात जास्त वेळ खाते. घाई करू नका. वहीत घटकाचं नाव लिहा आणि त्यापुढं पहिली, दुसरी, तिसरी वाट किंवा "काही नाही".

*गोखरू.* आपल्या बांधावरचा सराटा तोच हा, अनवाणी चाललं की टाचेत घुसणारा, सायकलचा ट्यूब फोडणारा. परदेशी डब्यावर ट्रायबुलस म्हणून येतो. निरोगी तरुण पुरुषांत आणि खेळाडूंत चाचण्या झाल्या, टेस्टोस्टेरॉन वाढलं नाही. वहीत "काही नाही" लिहा.

*मेथी.* अर्कात फ्युरोस्टॅनॉल सॅपोनिन नावाची द्रव्यं असतात. पहिली आणि दुसरी अशा दोन्ही वाटा अडवतात असा विक्रेत्यांचा दावा. माणसांवरच्या चाचण्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. पण मेथीनं रक्तातली साखर उतरते हे खरं, आणि ते पायरी ४ मध्ये महत्त्वाचं आहे. घामाला, लघवीला मेथीचा गोडसर वास यायला लागला तर घाबरू नका, तो मेथीचाच.

*सॉ पाल्मेटो.* केसांच्या आणि "डीएचटी ब्लॉकर" डब्यांत हमखास. प्रयोगशाळेच्या नळीत ते पहिली वाट अडवतं. माणसात? प्रोस्टेट वाढलेल्या २२५ पुरुषांना वर्षभर रोज दोनदा १६० मिलिग्रॅम दिलं. २००६ मध्ये निकाल आला, लक्षणांत औषध नसलेल्या, दिसायला सारख्या गोळीपेक्षा फरक नव्हता. नंतर तिप्पट डोसपर्यंत नेऊनही तेच. तुलनेला, फिनास्टेराइड हे औषध रक्तातलं डीएचटी सुमारे ७० टक्के खाली आणतं. ते औषध आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मी ते देत नाही.

*क्रायसिन.* "इस्ट्रोजेन ब्लॉकर" लिहिलेल्या डब्यात असतं. मध, प्रोपोलिस आणि कृष्णकमळाच्या कुळातल्या वेलींत सापडणारं द्रव्य. नळीत अरोमाटेज छान अडवतं. तोंडानं घेतलं की आतड्यातून जेमतेम शोषलं जातं, रक्तात पोचतच नाही. "काही नाही".

"नळीत" आणि "माणसात" यांत एवढा फरक का, ते ध्यानात घ्या. नळीत द्रव्य थेट एन्झाइमवर ओततात. पोटात गेलेलं द्रव्य आधी आतड्यातून, मग यकृतातून जातं आणि यकृत त्याचा बराचसा भाग मोडून बाहेर टाकतं. डब्यावरची बहुतेक वाक्यं नळीतल्या प्रयोगावर उभी आहेत.

*डायोसजेनिन, वाइल्ड याम म्हणजे कोनफळाच्या कुळातल्या जंगली कंदाचा अर्क.* कारखान्यात यापासून हार्मोन बनवतात, हे खरं. माणसाच्या पोटात ते रूपांतर होत नाही. आपल्याकडे ते एन्झाइमच नाही.

*अश्वगंधा.* यादीत हीच जरा वजनदार. काही लहान चाचण्यांत कॉर्टिसोल उतरलं आणि टेस्टोस्टेरॉन साधारण १५ टक्के वाढलं. पण थायरॉइडचं हार्मोनही वाढू शकतं, आणि यकृताला सूज आल्याच्या, कावीळ झाल्याच्या नोंदी आहेत. "आयुर्वेदिक आहे, काय होणार" हे वाक्य इथं चालत नाही.

*ज्येष्ठमध.* तिसरी वाट. यातलं ग्लिसिरायझिन कॉर्टिसोल मोडू देत नाही. शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम उतरतं, रक्तदाब चढतो. काही अभ्यासांत टेस्टोस्टेरॉनही उतरलेलं दिसलं. खोकल्याला तोंडात तुकडा धरणं वेगळं, दोन महिने रोज अर्क घेणं वेगळं.

*खाजकुइलीचं बी, म्हणजे कवचबीज.* यात एल-डोपा असतं, तेच जे कंपवाताच्या रुग्णाला औषध म्हणून देतात. ते प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करायला लावणारं हार्मोन, उतरवतं. मानसिक आजाराच्या गोळ्या सुरू असलेल्यानं घेऊच नये.

*ग्रीन टी अर्क.* फॅट बर्नरमध्ये. पहिल्या वाटेवरचा परिणाम नळीतलाच, यकृताचा धोका मात्र माणसातला. त्यातलं ईजीसीजी हे मुख्य द्रव्य दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा वर गेलं की यकृताची एन्झाइम वाढल्याचं आढळलं आहे.

*पिंपळी, पायपरिन.* अंजनगाव सुर्जी, अकोटकडं जी पानपिंपरी पिकते, तिच्यातलं हे तिखट द्रव्य. काळ्या मिऱ्यातही असतं. डब्यात ते ५-१० मिलिग्रॅम टाकतात, बाकीचं जास्त शोषलं जावं म्हणून. यकृताची मोडतोड ते मंद करतं. हळदीतल्या कर्क्युमिनचं शोषण एका चाचणीत माणसांत २० पट झालं. म्हणजे डब्यातल्या इतर प्रत्येक घटकाचा डोस छापलेल्यापेक्षा वेगळा वागणार, तुमच्या चालू गोळ्यांचाही.

आणि *सोयाबीन*. ज्या मातीत घरोघरी सोयाबीन पेरतात तिथली पोरं "सोयानं छाती बाईसारखी होते" म्हणून सोया वडी ताटातून काढून टाकतात, आणि दुप्पट पैसे देऊन डबा आणतात. पुरुषांवरच्या अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र करून पाहिले, टेस्टोस्टेरॉन उतरलं नाही, इस्ट्रोजेन चढलं नाही. छाती वाढल्याची जी नोंद नेहमी सांगितली जाते त्यातला माणूस रोज जवळपास तीन लिटर सोया दूध पीत होता. वडी खा.

तपासा: वहीत किती घटकांपुढं "काही नाही" आलं? एखाद्या डब्यातले सगळेच तसे असतील तर तो परत करा.

पायरी ४: चालू औषधं आणि जुने आजार जुळवून बघा

मधुमेहाची गोळी घेत असाल तर मेथीच्या अर्कानं साखर एकदम खाली जाऊ शकते. फिट येण्यावरची (अपस्माराची) फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन गोळी सुरू असेल तर पायपरिन असलेला डबा नकोच, त्यानं औषधाची रक्तातली पातळी चढते. रक्तदाब असेल तर ज्येष्ठमध बंद. थायरॉइडची गोळी, कावीळ होऊन गेलेली, रोजची दारू, यांपैकी काही असेल तर अश्वगंधा आणि ग्रीन टी अर्क दोन्ही बाजूला.

मूल व्हावं म्हणून प्रयत्न सुरू असतील तर इथंच थांबा आणि डॉक्टरांना भेटा.

कुस्ती, कबड्डी, ॲथलेटिक्समध्ये नोंदणी केलेले खेळाडू असाल तर एक जास्तीची गोष्ट. लघवीत बंदी असलेलं द्रव्य सापडलं तर ते डब्यातून आलं, मला माहीत नव्हतं, या सबबीनं सुटका होत नाही. जबाबदारी खेळाडूचीच धरतात. नाडाचं (खेळातल्या उत्तेजकांवर लक्ष ठेवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचं) नो युवर मेडिसिन ॲप औषधांसाठी उपयोगी आहे, पण भेसळीचा डबा ते ओळखू शकत नाही.

पायरी ५: डबा फोडण्याआधीची रक्ततपासणी

सगळ्यात जास्त वेळा गाळली जाणारी पायरी, आणि हीच गाळली की बाकी सगळं वाया.

तयारी अशी. बायोटिन असलेली प्रत्येक गोळी, केसांची गमी, मल्टिव्हिटामिन तीन दिवस आधी बंद. मोठा डोस असेल तर आठवडाभर. हार्मोनच्या बऱ्याच तपासण्यांच्या किटमध्ये बायोटिनचाच वापर केलेला असतो. त्यामुळं टेस्टोस्टेरॉन खोटं जास्त, टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीतला आकडा) खोटं कमी दिसू शकतं.

पायांचा, पाठीचा जड व्यायाम पाच ते सात दिवस नको. स्नायू ताणले की एसजीओटी आणि एसजीपीटी ही यकृताच्या तपासणीतली एन्झाइम चढतात आणि यकृत बिघडल्यासारखं दिसतं. मैदानावर सोळाशे मीटर मारून थेट लॅबमध्ये जाणारी पोरं याच कारणानं घाबरून येतात.

वेळ सकाळी सात ते दहा, उपाशीपोटी. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वात जास्त असतं. पहिली एसटी दहा वाजता पोचवत असेल तर आदल्या रात्री नातेवाइकाकडं मुक्काम करा. ताप, सर्दी असेल तर दिवस पुढं ढकला.

काय काय करायचं: एकूण टेस्टोस्टेरॉन, एसएचबीजी (रक्तात टेस्टोस्टेरॉन धरून ठेवणारं प्रथिन), एलएच (अंडकोषांना कामाला लावणारं मेंदूकडचं हार्मोन), इस्ट्राडिओल, टीएसएच, यकृतासाठी एसजीपीटी, एसजीओटी, जीजीटी आणि बिलिरुबिन, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, आणि पोटॅशियम. डीएचटीची तपासणी महाग आहे आणि सुरुवातीला गरजेची नाही. पैसे कमी असतील तर एकूण टेस्टोस्टेरॉन, एलएच आणि यकृताची तपासणी एवढं तरी कराच.

टेस्टोस्टेरॉन एका आकड्यावर सोडू नका. काही दिवसांनी, त्याच वेळी, त्याच लॅबमध्ये दुसऱ्यांदा करा. सकाळचा आकडा दोन्ही वेळा ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर डबा नकोच. डॉक्टरांकडं जा, कारण शोधू द्या.

तपासा: रिपोर्टवर एकक कोणतं आहे? काही लॅब नॅनोमोलमध्ये देतात. त्या आकड्याला २८.८ नं गुणा. १५ वाचून रडवेला झालेला एक मुलगा मी पाहिला आहे. त्याचे ४३२ होते, अगदी ठीक.

पायरी ६: एक डबा, आठ आठवडे

एका वेळी एकच. लेबलवरच्या डोसपेक्षा जास्त नाही. या काळात जेवण, झोप, व्यायाम बदलू नका. नवीन प्रोटीन सुरू करू नका, फॅट बर्नर जोडू नका.

चौथ्या आठवड्यात फक्त यकृताची तपासणी, पुन्हा पाच दिवस विश्रांती घेऊन. रक्तदाब आठवड्यातून दोनदा. प्राथमिक आरोग्य केंद्रात मोजून मिळतो.

ताबडतोब बंद करायची लक्षणं: डोळे किंवा लघवी पिवळी, अंगभर खाज, भूक मेल्यासारखी, स्तनाग्राखाली दुखरी गाठ, पाठीवर अचानक मोठ्या पुळ्या, अंडकोष लहान झाल्यासारखे वाटणं, छातीत धडधड, पायांत गोळे येऊन ताकद जाणं. यातलं एकही आलं तर "कोर्स पूर्ण करू" असं म्हणू नका.

पायरी ७: दुसरा रिपोर्ट पहिल्याशेजारी ठेवून वाचा

तीच लॅब, तीच वेळ, तीच तयारी. दोन्ही कागद शेजारी ठेवा.

टेस्टोस्टेरॉन १० टक्के इकडंतिकडं झालं असेल तर त्याला बदल म्हणू नका. एकाच माणसाचा आकडा दोन सकाळींत एवढा हलतोच.

एसजीओटी, एसजीपीटी चढले, पण जीजीटी आणि बिलिरुबिन जागेवर आहेत? बहुतेक व्यायामाचं आहे. आठवडाभर विश्रांती घेऊन परत करा. बिलिरुबिनही चढलं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

सर्वात महत्त्वाची जोडी ही: अंग झपाट्यानं भरलंय, आणि रिपोर्टमध्ये टेस्टोस्टेरॉनही खाली, एलएचही खाली. दिसायला उलटंच वाटतं. पण डब्यात लपवलेलं स्टेरॉइड असलं की मेंदूला वाटतं हार्मोन भरपूर आहे, तो एलएच सोडणं थांबवतो आणि अंडकोषांचं काम बंद पडतं. हा रिपोर्ट आला तर घरी उपाय करू नका. जिममधून "रिकव्हरी"च्या गोळ्या आणू नका.

पायरी ८: डॉक्टरकडं जाताना

ग्रामीण रुग्णालयातून चिठ्ठी घेऊन नागपूर, सेवाग्राम किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात जा. तिथं हार्मोनच्या डॉक्टरांची ओपीडी कोणत्या वारी असते, हे आधी फोन करून विचारा, दीडशे किलोमीटरचा हेलपाटा वाचेल. सोबत दोन्ही रिपोर्ट, वही, आणि डबा. रिकामा असला तरी डबाच न्या, तळाला थोडी पावडर असेल तर ती झटकून टाकू नका. गोळ्या कोणी दिल्या हे सांगायची लाज वाटत असेल तर नाव सांगू नका, पण काय घेतलं आणि किती दिवस घेतलं हे खरं सांगा. घरच्यांपैकी कोणासमोर बोलायचं नसेल तर त्यांना बाहेर थांबवायला डॉक्टरांनाच सांगा, ते थांबवतात.